घड्या कधी लावल्या?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, ज्यांच्यासोबत रोज दुपारचा डबा खातो त्यांना तर नाहीच. मग तुम्हालाच का? खरं सांगू — येत्या रविवारी हे एका बाईंना सांगायचंय, आणि त्यांच्यासमोर जीभ अडखळेल अशी भीती वाटते. म्हणून एकदा तुमच्यासमोर म्हणून बघतोय. म्हणजे तुमचा वापरच करतोय म्हणायचं. आलात तसे बसा थोडे.

माझं नाव अभय. या नावावर तुम्ही शेवटी हसाल, तर आत्ताच हसून घ्या. मूळचा सांगलीचा, नोकरीसाठी लखनौला आलो तो इथलाच झालो. इंदिरा नगरच्या बाजूला एक खासगी इस्पितळ आहे, तिथे मी कॉम्प्युटर सांभाळतो. पूर्वी एकटा सांभाळायचो, आता हाताखाली चार माणसं आहेत. आणि इस्पितळात मला सगळे 'घड़ी वाले सर' म्हणतात. कारण आमच्याकडच्या प्रत्येक कॉम्प्युटरचं घड्याळ दुसऱ्याशी सेकंदाला सेकंद जुळलेलं असतं. रोज सकाळी चहाच्या आधी मी ते बघतो. नवीन डॉक्टर येतात, त्यांना कौतुक वाटतं. इतकी शिस्त कुठे बघायला मिळत नाही, म्हणतात. मी मान हलवतो आणि पुढे जातो.

त्या कौतुकाचा एक शब्दही माझा नाही.

घड्याळांचं थोडं सांगावं लागेल, कंटाळू नका. कॉम्प्युटरचं घड्याळ त्याच्या भरवशावर सोडलं तर ते चुकतंच. कुणाचं पुढे पळतं, कुणाचं मागे रेंगाळतं. म्हणून नेटवर्कवरून ते थोड्या थोड्या वेळाने आपल्यापेक्षा भरवशाच्या घड्याळाला विचारतं — किती वाजले? तेही आणखी वरच्याला विचारतं. उत्तर यायला लागलेला वेळसुद्धा हिशोबात धरला जातो. आणि मला यातलं सर्वांत काय आवडतं सांगू? फरक थोडा असला तर ते एकदम उडी मारत नाही. आपली चाल जराशी मंद करतं किंवा जराशी वाढवतं, आणि कुणाला कळायच्या आत वेळेवर येतं. पण फरक फार मोठा असला — म्हणजे महिन्यांचा, वर्षांचा — तर ते हात वर करतं. हे माझ्याच्याने होणार नाही म्हणतं. तिथे माणसाने येऊन, बघून, हाताने ते लावायचं असतं.

लावायचं. हा शब्द लक्षात ठेवा. आपण मराठीत घड्याळ लावतो; वर्ध्याकडचे घडी म्हणतात, पण लावतात तेही. इथे लखनौत घड़ी मिलाते हैं. इथे 'घड़ी लगाना' म्हणजे खिळा ठोकून भिंतीवर टांगणं. मी इथे येऊन बरीच वर्षं झाली होती तरी माझ्या तोंडून 'लगा दी' निघायचं आणि लोक हसायचे. त्या हसण्याचा मी एकदा उपयोग करून घेतला. पण ते पुढे.

आधी माझ्या मनगटावरच्या घड्याळाचं सांगतो. आमच्या सांगलीच्या घरी भिंतीवरचं घड्याळ कायम वीस मिनिटं पुढे असायचं. वडिलांनीच ठेवलेलं. एसटी चुकू नये, शाळा चुकू नये, बँकेत साहेबाच्या आधी पोचावं म्हणून. गंमत अशी की घरातल्या प्रत्येकाला ते पुढे आहे हे ठाऊक असायचं, आणि प्रत्येक जण मनातल्या मनात वीस वजा करून तितक्याच उशिरा निघायचा. पाहुणे तेवढे गोंधळायचे. मी नोकरीला लागलो तेव्हा वडिलांनी मनगटी घड्याळ दिलं, तेही वीस मिनिटं पुढे लावूनच. मी ते तसंच वापरत राहिलो. दिवसभर दुसऱ्यांची घड्याळं जुळवणारा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या मनगटावर खोटी वेळ — मला यात तेव्हा काही विचित्र वाटलं नव्हतं. वजाबाकी अंगवळणी पडली होती.

आता सुनंदाताई.

इस्पितळात आम्ही दोघंच मराठी. त्या वर्ध्याच्या, वॉर्डात स्टाफ नर्स. यजमान हवाई दलात, राहायला बख्शी का तालाबच्या क्वार्टर्समध्ये. तिथून रोज बस आणि टेम्पो करत यायच्या आणि तरी ड्यूटीवर सर्वांच्या आधी उभ्या. उंचीने लहान, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. मी पहिल्यांदा वॉर्डात प्रिंटर दुरुस्त करायला गेलो आणि वैतागून मराठीत काहीतरी पुटपुटलो, तर मागून आवाज आला, "भाऊ, शिव्या देऊन नाही चालत तो, आमीबी देऊन पाहिल्या." त्या दिवसापासून मी त्यांचा भाऊ आणि त्या माझ्या ताई. तेव्हा मी एकटाच राहायचो. सब्जी काय आणली, भात शिजवता येतो का, ताप आला तर कुणाला सांगितलं — हे सगळं त्या विचारायच्या. गणपतीत क्वार्टर्सवर आरतीला बोलावायच्या. दिवाळीत स्टीलचा डबा भरून चिवडा यायचा. मी डबा परत करताना त्यात कधी रेवडी, कधी गजक घालायचो. रिकामा डबा परत करायचा नसतो, एवढं आईने शिकवलं होतं.

मी हे सगळं लांबवतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल. मुद्द्यावर यायचं म्हटलं की मला घड्याळं आठवतात, चिवडा आठवतो.

तर — एकदा वॉर्डातल्या कॉम्प्युटरची आतली छोटी बॅटरी संपली. नाण्याएवढी असते, घड्याळ तिच्यावर चालतं. लाइट गेली, परत आली, आणि कॉम्प्युटर उठला तो कित्येक वर्षं मागच्या तारखेत. ताईंचा फोन आला, "भाऊ, आमचा कॉम्प्युटर जुन्या सालात गेला जी. पेशंट जन्मालेच नाही आले अजून." मी हसत गेलो. बॅटरी बदलली. एवढा फरक नेटवर्कवरून सुधारला जात नव्हता, सारखा अडत होता, म्हणून ती सोय तेवढ्यापुरती बंद केली आणि वेळ हाताने लावली. कशावरून लावली? समोर भिंतीवर घड्याळ होतं. खिशात मोबाइल होता. मी मनगटाकडे बघितलं. त्याच वेळी खालून बोलावणं आलं, संचालकांच्या खोलीत काहीतरी बंद पडलं होतं आणि तिथे उशीर चालत नाही. वजाबाकी राहिली. बंद केलेली सोय पुन्हा चालू करायची, तीही राहिली. नंतर बघू म्हटलं, आणि विसरलो.

चूक म्हणाल तर ही एवढीच होती. विसरभोळेपणाची, कुणाकडूनही होईल अशी. हिच्यासाठी मी तुम्हाला बसवून ठेवलं नसतं.

महिनाभराने वॉर्डात एक वयस्क गृहस्थ होते, ऑपरेशन होऊन आलेले. त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट लॅबने पाठवला, पोटॅशियम भलतंच वाढलेलं. असा रिपोर्ट आला की नर्सने तो उघडायचा आणि लगेच डॉक्टरांना कळवायचं, कारण हृदयाला धोका असतो. ताईंनी रिपोर्ट उघडला, डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकले होते, ते बऱ्याच वेळाने आले. तोवर गृहस्थांची तब्येत ढासळली होती. त्यांना आयसीयूत हलवलं. तुमचा जीव टांगणीला नको म्हणून सांगतो, ते बरे झाले आणि स्वतःच्या पायांनी घरी गेले. पण त्या दिवशी नातेवाईकांनी आरडाओरडा केला आणि चौकशी लागली. वेळ कुणी घालवला?

डॉक्टर म्हणाले, मला फोन आला तसा मी पाच मिनिटांत पोचलो. ताई म्हणाल्या, मी फोन लगेच केला, साहेबच उशिरा आले. आता खरं कोण? आमचं सॉफ्टवेअर तेव्हा ज्या कॉम्प्युटरवर काम होई त्याचीच वेळ नोंदवायचं. लॅबच्या कॉम्प्युटरने रिपोर्ट पाठवल्याची वेळ लिहिली होती. वॉर्डच्या कॉम्प्युटरने तो उघडल्याची वेळ लिहिली होती. दोन्हींच्या मध्ये वीस मिनिटं. म्हणजे रिपोर्ट समोर पडलेला असताना सिस्टर वीस मिनिटं बसून राहिल्या, असा त्याचा सरळ अर्थ. ताईंनी कागदावर भिंतीवरच्या घड्याळाची वेळ लिहिली होती, ती बरोबर होती. पण कागद काय, मागाहूनही लिहिता येतो, असं सगळे म्हणाले. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?

दुसऱ्या दिवशी मला नोंदी काढून द्यायला सांगितलं. मी दुपारी वॉर्डात जाऊन त्या कॉम्प्युटरसमोर बसलो. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती. सवयीने मी मनगटाकडे बघितलं.

जुळत होतं. अगदी मिनिटाला मिनिट.

माझ्या घड्याळाशी जगात कुठलंच घड्याळ जुळत नसे — सांगलीचं ते भिंतीवरचं सोडलं तर. एका क्षणात सगळं समजलं. ताई खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी रिपोर्ट आल्या आल्या उघडला होता. वीस मिनिटं माझी होती.

तेव्हा मी काय करायला हवं होतं, हे तुम्हाला सांगायला नको. उठून अधीक्षकांच्या खोलीत जायचं आणि म्हणायचं, सर, थांबा. फार तर मेमो मिळाला असता. फार तर ते मोठे डॉक्टर माझ्यावर कायमचे बिघडले असते. नोकरी गेली असती का? तेव्हा वाटलं, जाईल. आता वाटतं, नसती गेली. पण तेही खरं महत्त्वाचं नाही, नाही का? मी खुर्चीत बसूनच होतो. पलीकडे ताई एका पेशंटची सलाइन बदलत होत्या, त्यांची पाठ माझ्याकडे होती.

मी बंद केलेली सोय चालू केली. एक आज्ञा दिली. घड्याळ वीस मिनिटं मागे आलं आणि बरोबर झालं. नंतर नोंदी काढल्या आणि खाली गेलो. मनगटावरचं घड्याळ जिन्यातच बरोबर लावलं. आयुष्यात पहिल्यांदा.

तुम्ही म्हणाल, घाबरला बिचारा. नाही, घाबरलेला माणूस गोंधळतो. मी एकदाही गोंधळलो नाही. काय काय पुसायचं आणि कोणत्या क्रमाने, ते मला नीट सुचत होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बैठक झाली. अधीक्षक, ते डॉक्टर, तेव्हाच्या मेट्रन, ताई आणि मी. ताईंनी एकच गोष्ट सारखी मांडली, की कॉम्प्युटरची वेळ चुकलेली असणार. अधीक्षक भला माणूस. माझ्याकडे वळून म्हणाले, "अभय जी, घड़ियाँ तो सब मिली हुई हैं न?"

मी म्हणालो, "जी सर, लगी हुई हैं."

अधीक्षक हसले. "अरे भाई, लगी हुई तो दीवार पर भी है. मिली हुई हैं?" सगळे हसले. डॉक्टर हसले, मेट्रन हसल्या, मीही ओशाळं हसलो — आमचं मराठी हिंदी, सर, असं काहीतरी बोललो. खोलीतला ताण एकदम सैल झाला. आणि त्या हशातच मी म्हणालो, जी, मिली हुई हैं. खोटं नव्हतं. त्या क्षणी जाऊन कुणी बघितलं असतं तर मिळालेलीच होती. वेळ मारून नेली. हा वाक्प्रचार मी लहानपणापासून वापरतोय, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

ताई तेवढ्या हसल्या नव्हत्या.

कारण त्या खोलीत माझ्याखेरीज मराठी समजणाऱ्या त्या एकट्याच होत्या. बाकीच्यांना 'लगी हुई' ही चुकीची हिंदी वाटली. त्यांना ती बरोबर मराठी ऐकू आली. लागलेली आहेत — म्हणजे कुणीतरी लावलेली आहेत. मग कधी?

बैठक सुटल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. आवाज चढवला नाही. चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. म्हणाल्या, "भाऊ, घड्या कधी लावल्या तुम्ही?"

आता सांगतो. जे सांगायला इतका वेळ लावला ते हेच आहे. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "सिस्टम अपने आप करता है, सिस्टर."

हिंदीत म्हणालो. ज्या बाईशी मी इस्पितळात कधी हिंदीचा शब्द बोललो नव्हतो, तिला. आणि सिस्टर म्हणालो. ताई म्हणून, मराठीतून, ते खोटं माझ्या तोंडून निघालं नसतं, हे मला बोलायच्या आधीच ठाऊक होतं. म्हणून भाषा बदलली. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग "अच्छा," म्हणाल्या. हिंदीतच. आणि गेल्या.

त्यांना वॉर्डातून काढून बाहेरच्या रुग्णांच्या खिडकीवर बसवलं. कागदोपत्री निष्काळजीपणाचा शेरा आला. त्यांना आजारी माणसाच्या उशाशी उभं राहायचं असायचं, त्या खिडकीतून नंबर पुकारू लागल्या. मी रस्ता बदलून दुसऱ्या जिन्याने जायला लागलो. त्या दिवाळीतही डबा आला, वॉर्डबॉयच्या हाती. मी चिवडा खाल्ला नाही, टाकलाही नाही, कपाटात ठेवून मऊ केला. डबा धुऊन रिकामाच परत पाठवला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी नोकरी सोडली. निरोप समारंभाच्या दिवशी मी रजा घेतली होती.

नंतर माझं लग्न झालं, मुलगी झाली. तिचं नाव पालवी, आता शाळेत जाते. लखनौच्या मुलांसारखीच ती — मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते. बायको तिला रागावते, मराठीत बोल म्हणते, आणि मी का रागावत नाही याचं बायकोला नवल वाटतं. काय सांगणार? पोरगी निदान खरं तरी बोलते. माझ्या कानात मात्र दर वेळी तो व्हरांडा उभा राहतो.

आणि इस्पितळातली घड्याळं? ती मी इतकी काटेकोर केली की काही विचारू नका. प्रत्येक कॉम्प्युटर, प्रत्येक यंत्र. सॉफ्टवेअर बदलून घेतलं, आता वेळ एकाच जागेवरून नोंदली जाते. ज्या कॉम्प्युटरवर माझी चूक होती तो केव्हाच भंगारात गेला, त्याच्या आतल्या नोंदीही गेल्या. पुरावा म्हणून आता काहीच नाही. आहे तो फक्त मी.

हे इथेच राहिलं असतं. मी असाच निवृत्त झालो असतो, घड़ी वाले सर म्हणून हार घालून घेऊन. पण गेल्या महिन्यात वॉर्डात एक नवीन नर्स दिसली. पेशंटची वेळ नोंदवायच्या आधी तिने भिंतीकडे बघितलं, मग मनगटाकडे, मग पडद्याच्या कोपऱ्याकडे, आणि स्वतःशीच हलक्या आवाजात म्हणाली, "मिली हुई है." मग लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुसरी नवीन मुलगी, तिचंही तेच. मी तिला विचारलं, ये किसने सिखाया? ती म्हणाली, "कॉलेज में, सर. सुनंदा मैम ने. बोलती हैं, घड़ी मिलाए बिना टाइम लिखा तो पेपर फाड़ देंगी."

मी तिथेच एका स्टुलावर बसलो. सरोजिनी नगरच्या बाजूला एक नर्सिंग कॉलेज आहे, ताई तिथे शिकवतात. यजमानांच्या निवृत्तीनंतर ते वर्ध्याला परतले नाहीत, तिकडेच घर केलं. म्हणजे ताईंना घड्याळ चुकलं होतं हे पहिल्यापासून ठाऊकच होतं. त्यांनी रिपोर्ट लगेच उघडला होता, मग दुसरं काय चुकलं असणार? त्यांना फक्त एवढं ठाऊक नाही की ते कुणी चुकवलं आणि कुणी गुपचूप बरोबर केलं. का आहे ठाऊक? त्या 'अच्छा'चा अर्थ मी इतक्या वेळा लावून बघितलाय की आता माझा माझ्यावरच भरवसा नाही. त्यांनी माझं नाव कुठे घेतलं नाही. नुसत्या पोरी तयार करत राहिल्या, ज्यांच्यावर अशी वेळ येऊ नये. आणि त्या पोरी आता माझ्या वॉर्डात उभ्या आहेत. मला इतकी लाज वाटली, आणि तुम्हाला चमत्कारिक वाटेल, पण इतका आनंदही कित्येक वर्षांत झाला नव्हता. बाई मोडली नव्हती.

मग परवा आताच्या मेट्रनचा फोन आला. कॉलेजात ताईंना उपप्राचार्य करायचं चाललंय. जुन्या नोकरीबद्दल कॉलेजने विचारणा केलीय, आणि इथे त्यांच्या नावापुढे तो शेरा. असा शेरा असताना कॉलेज पुढे जाणार नाही. मेट्रन नव्या आहेत, त्यांना काहीच माहीत नाही. म्हणाल्या, "सर, आप तो तब भी थे. कुछ याद है? मुझे तो लगता है, ऐसी औरत से ऐसी गलती हो नहीं सकती."

याद है का? तोंडाशी आलं होतं, बहुत पुरानी बात है मैम. तेच वाक्य, त्याच चालीचं. पण म्हटलं, "याद है. सोमवार को आकर बताता हूँ. लिखकर भी दूँगा." फोन ठेवला. आपण असं बोललो यावर माझा विश्वास बसत नव्हता, पण बोललो होतो, आणि मेट्रनने वेळसुद्धा देऊन टाकली होती.

सोमवारी तिथे जे व्हायचं ते होईल. घड़ी वाले सर हे नाव बहुतेक जाईल, जाऊ दे. शेरा मात्र निघायला हवा, आणि निघेल असं मला वाटतं. मेट्रन बाई नेटाची आहे.

पण सोमवारच्या आधी रविवार. हे ताईंना दुसऱ्या कुणाकडून कळू नये. मी काल त्यांना फोन लावला. नंबर त्या नवीन नर्सकडून घेतला. मी नाव सांगितलं, तर पलीकडून तोच भरभर आवाज — "भाऊ? अभय भाऊ? अजून लखनौतच हाय का तुम्ही? या ना मग. जेवालेच या." मी म्हणालो, येतो ताई. नुसतं एवढंच म्हणालो, पण मराठीत म्हणालो. बायको शेजारी होती, तिने विचारलं, कोण हो? मी सांगितलं, रविवारी परत आल्यावर सगळं सांगतो, पालवीलाही बसव.

बायको म्हणते, जेवायला जाताय तर काहीतरी घेऊन जा, रिकाम्या हाताने कसं जायचं. मिठाई सुचवली, साडी सुचवली. मी काही नेणार नाही. काही नेलं तर बदल्यात काहीतरी मागितल्यासारखं होईल. आणि जेवायलाही बसणार नाही, त्याआधीच सांगणार आहे, दारातच. मग त्यांनी आत बोलावलं तर बोलावलं. त्यांनी काय म्हणावं, हे मी ठरवून ठेवलेलं नाही.

म्हणायचं काय, ते मात्र ठरवलंय. तिकडे जाणाऱ्या कानपूर रोडच्या बसमध्ये आणखी शंभरदा घोकेन. मराठीतच म्हणणार आहे, आणि त्यांनी विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर देणार आहे.

ताई, तुम्ही विचारलं होतं, घड्या कधी लावल्या. वॉर्डातली घडी मी दोनदा लावली. पहिल्यांदा माझ्या मनगटावरच्या घड्याळावरून, वीस मिनिटं पुढे, चुकून. दुसऱ्यांदा त्या बैठकीच्या आदल्या दिवशी, दुपारी. तुम्ही तिथेच सलाइन बदलत होता. ती मी चुकून नाही लावली.